नथू काय म्हणाला

मधली सुट्टी संपल्याची घंटा होऊन गेली आहे, तरी दहावी 'ब' अजून पुरती बसलेली नाही. शाळेची खिचडी आठवीपर्यंतच असते, त्यामुळे ही पोरं घरून डबे आणतात आणि वर्गातच खातात. बाकांमधून अजून शेंगदाण्याच्या चटणीचा वास येतो आहे. माण तालुक्यातलं हे मराठी माध्यमाचं अनुदानित हायस्कूल. मुख्याध्यापकांना विचारून मी शेवटच्या बाकावर पाय आखडून बसलो आहे. बाकाचा मूळ मालक दप्तर मांडीवर घेऊन कडेला सरकला आहे आणि मला निरखतो आहे.

"तपासणीला आलाय?"

"नाही."

"मग बी.एड.चं?"

माझे पांढरे केस बघून हा प्रश्न तो स्वतःच मागे घेतो. मी सांगतो, नुसता बसायला आलोय. इंग्रजीच्या तासाला माणूस आपखुशीनं येऊन बसेल हे त्याला काही पटत नाही. पण तो पुस्तक दोघांच्या मधोमध ठेवतो.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख, पट ४६, हजर ४१. डावीकडे सुविचार. उरलेला सगळा फळा एका तक्त्याने अडवलेला आहे आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'पुसू नये'. मॅडम फलटणहून एसटीने येतात, आज गाडी उशिरा आली म्हणून त्या अजून ऑफिसात सही करत आहेत. तोवर वर्गाचा मॉनिटर पट्टी घेऊन तक्त्यापाशी उभा राहिला आहे. "टुडे?" तो ओरडतो. "दॅट डे!" वर्ग उत्तर देतो. "टुमॉरो?" "द नेक्स्ट डे!" "यस्टर्डे?" "द प्रीव्हियस डे!" "हिअर?" "देअर!" पाढ्यांची चाल आहे, आणि पाढ्यांसारखंच कुणीही चुकत नाही. डायरेक्ट-इनडायरेक्ट हा दहावीच्या व्याकरणातला भरवशाचा भाग. नियम पाठ करायचे, क्रियापद एक पायरी मागे ढकलायचं, गुण घ्यायचे.

मॅडम येतात. "गुड आफ्टरनून मॅ…डम" असं लांबलचक, गायल्यासारखं स्वागत होतं. खुर्चीत न बसता त्या पहिल्या दोन रांगांच्या वह्या बघू लागतात. घरचा अभ्यास कवितेचा होता. याच पुस्तकात 'द ट्विन्स' नावाची एकोणिसाव्या शतकातल्या हेन्री सॅम्ब्रूक ली यांची विनोदी कविता आहे. दोन जुळे भाऊ इतके सारखे दिसतात की लोक जन्मभर एकाला दुसरा समजतात. अंघोळ घालताना अदलाबदल, शाळेत मूर्ख एक आणि मार दुसऱ्याला, आणि शेवटी तर मरतो एक आणि पुरतात भलत्यालाच. वह्या पाहत जाताना मॅडम मान हलवतात. शीर्षक आहे, कवीचं नाव आहे, यमकाची रचना बरोबर आहे, अलंकार दिला आहे. कविता विनोदी असून आपल्याला फार आवडली, असं शेवटच्या ओळीत सगळ्यांनी एकाच शब्दांत लिहिलं आहे. गाईड एकच आहे, त्यामुळे आवडही एकच.

"हसलं कोण कोण?" मॅडम विचारतात.

कुणीच हात वर करत नाही. मग मॅडम मराठीत, हातवारे करून, शेवटचं कडवं सांगतात. माझा शेजारी फिस्सकन हसतो, तीन बाकं पलीकडे कुणाला तरी उशिरा कळतं आणि तो एकटाच मोठ्यानं हसतो, त्याला बघून बाकीचे हसतात. मॅडम वह्या परत देतात. या हसण्याला गुण नाहीत. रसग्रहणाला आहेत, पाच.

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीपासून असायचं, त्याही आधी काही काळ आठवीपासून. म्हणजे या पोरांचं हे इंग्रजीचं दहावं वर्ष. शेजाऱ्याचं पुस्तक, 'माय इंग्लिश कोर्सबुक', मागच्या वर्षीच्या कुणाचं तरी आहे. छापील ओळीच्या वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिले आहेत, ओळीच्या खाली मराठी अर्थ. शेजारी वाचायला उभा राहतो तेव्हा त्याचं बोट वरच्या पेन्सिलीवरून सरकतं. अर्थ विचारला की ते खालच्या पेन्सिलीवर येतं. मधली छापील इंग्रजी ओळ त्याच्या वाट्याला येतच नाही. आधीच्या मालकाने कंटाळून काही शब्द सोडले आहेत. तिथे हाही थांबतो.

"दोन्ही वह्या काढा," मॅडम म्हणतात.

वर्गात चुळबूळ होते. ग्रामरची वही वेगळी, धड्यांची वेगळी, वारही वेगळे. आज वार धड्याचा आहे.

"मॅडम, ग्रामर सोमवारी असतंय."

"आज सोमवार समजा."

हे वेगवेगळ्या वह्यांचं प्रकरण एकट्या या शाळेचं नाही. बोर्डाची कृतिपत्रिकाच तशी कापलेली आहे. ऐंशी गुणांतले पहिले दहा भाषाभ्यासाला, मग धड्यांवरचे उतारे वीस गुणांना, कविता दहाला, शेवटी भाषांतर पाच. मुलं अभ्यास त्याच क्रमाने करणार, आणि शिक्षकही त्याच क्रमाने शिकवणार, यात त्यांना बोल लावण्यासारखं मला काही दिसत नाही. पण परिणाम असा होतो की व्याकरणाच्या वहीत 'रामा' आणि 'सीता' अशी कुणाची कुणी नसलेली माणसं एकमेकांना निरर्थक वाक्यं सांगत राहतात, आणि गोष्टीच्या वहीत माणसं असतात पण ती बोलतात कशी याकडे कुणी बघत नाही.

आजचा धडा रस्किन बाँड यांचा आहे, 'द बॉय हू ब्रोक द बँक'. मुलांनी तो एकदा वाचलेला आहे. पीपलनगर नावाचं लहान गाव. तिथल्या बँकेच्या पायऱ्या झाडणारा नथू पगार थकला म्हणून कुरकुरतो. कपडे पोचवणारा सीताराम ते ऐकतो. त्याच्याकडून ते श्रीवास्तवबाईंकडे जातं, त्यांच्याकडून भूषणबाईंकडे, मग दीपचंद न्हाव्याच्या दुकानात, मग बाजारभर. संध्याकाळच्या आत बँकेच्या दारात झुंबड, काचा फुटतात, बँक बसते. मालक शेठ गोविंदराम काश्मीरला हवा खायला गेलेले.

मॅडम पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं करतात. "तू नथू. शेजाऱ्याला सांग, बँकेने तुला पैसे दिले नाहीत. इंग्रजीत."

तो मान खाजवतो. "द बँक हॅज नॉट पेड मी."

"छान. आता तू सीताराम. मागच्याला सांग नथू काय म्हणाला."

सीताराम धीट आहे. "नथू सेड दॅट द बँक हॅज नॉट पेड मी."

"तुला? तुला कशाला देईल बँक पैसे? तू तर धोब्याचा मुलगा."

वर्ग खळखळून हसतो. सीतारामाला आपलं काय चुकलं ते कळत नाही, आणि खरं तर त्याचं फार काही चुकलेलंही नाही. तो मराठीच्या चालीनं गेला आहे. आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचे शब्द जसेच्या तसे उचलतो आणि 'की'च्या मागे ठेवून देतो. नथू म्हणाला की मला पगार मिळाला नाही. यातला 'मला' नथूचा, काळही नथूचाच, आणि ऐकणाऱ्याचा काडीचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत सांगणारा मध्ये येऊन उभा राहतो. 'मी'चा 'तो' होतो, क्रियापद मागे सरकतं, 'आज'चं 'त्या दिवशी' होतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण सिद्ध केलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर; म्हणून नाम, सर्वनाम, क्रियापद या खणांत मराठी पोरांना इंग्रजी सहज बसवता येतं. अडतं ते असल्या जागी, जिथं दोन भाषांची माणसं वेगवेगळ्या ठिकाणी उभी असतात.

मॅडम यातलं काही सांगत नाहीत. त्या फळ्यावर एक काडीचा माणूस काढतात, त्याच्या बाजूला दुसरा, आणि पहिल्याकडे बोट दाखवून म्हणतात, "पैसे याचे बुडाले. बोलतोय हा. मग कोणाचं नाव घ्यायचं?"

"हिम," सीताराम म्हणतो. "हॅड नॉट पेड हिम."

"येस."

आता साखळी सुरू होते. बाकामागून बाक एकेक जण उठतो आणि मागच्याला सांगतो. अट एवढीच की आधीचा काय म्हणाला ते सांगायचं. मॅडम फळ्यावर प्रत्येक वाक्य लिहीत जातात. सुरुवातीला सगळं तक्त्याप्रमाणे चाललेलं असतं. मग चौथ्या बाकावरची, दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधलेली मुलगी उठते. ती श्रीवास्तवबाई आहे. ती म्हणते, "सीताराम सेड दॅट द बँक कुड नॉट पे नथू."

पुढची दोन वाक्यंही 'कुड नॉट'नेच येतात. कुणालाच काही वाटत नाही. मॅडम मात्र खडू टेकवून थांबतात.

"सगळं बरोबर आहे का?"

"हो."

"काळ?"

"बरोबर."

"मग नथू जे म्हणाला तेच आहे का हे?"

वर्ग फळ्याकडे बघत राहतो. वरपासून खालपर्यंत वाक्यं आहेत. नियम कुठंही मोडलेला नाही. खिडकीजवळचा, गंध लावलेला मुलगा उठून फळ्यापाशीच जातो आणि एका ओळीवर बोट ठेवतो. "मॅडम, हितं बदललं. नथ्या म्हणला दिलं न्हाईत. हिनं केलं, देऊ शकत न्हाईत."

"तक्त्यात आहे का हे? 'हॅज नॉट'चं 'कुड नॉट' होतं असं?"

तो तक्ता वरून खाली वाचतो. "न्हाय."

"मग कुठून आणलं?"

लाल रिबिनीवाली अजून उभीच आहे. ती वैतागून म्हणते, "मॅडम, पुस्तकातपण तसंच झालंय. बँक झाडूवाल्याला पगार देईना म्हणजे तिच्याकडं नसणार, असं त्या बाईनं धरलं."

पानं उलटली जातात. माझा शेजारीही उलटतो आणि पहिल्यांदाच पेन्सिलीच्या ओळी सोडून छापील ओळीत शोधू लागतो, कारण त्याला हवा असलेला शब्द आधीच्या मालकाने सोडून दिलेल्यांपैकी निघतो. हे मी आवर्जून नोंदवतो आहे. व्याकरणाच्या वहीत 'कॅन' आणि 'हॅव' या दोन स्वतंत्र पानांवरच्या गोष्टी आहेत. गोष्टीत त्या दोहोंमधल्या फटीतून एक अख्खी बँक खाली गेली, आणि ती फट शोधायला पोरांना व्याकरणच लागलं. बाँड यांनी ही गोष्ट रचली आहे ती अशा फटींवरच. प्रत्येक जण ऐकलेलं प्रामाणिकपणे सांगतो आणि त्यात आपली एक अटकळ मिसळतो. खोटं कुणीच बोलत नाही. मला विचाराल तर या गोष्टीचं मर्म एवढंच आहे, आणि ते 'अफवांवर विश्वास ठेवू नये' या गाईडमधल्या उत्तरात सापडत नाही.

साखळी पुढे निघते. आता पोरांना युक्ती कळली आहे आणि जो तो मुद्दाम भर घालतो. सहाव्या बाकापर्यंत बँकेचे सगळे नोकर उपाशी आहेत. सातव्यात शेठ पळून गेला आहे. "द बँक इज बुडणार," आठव्यातला एक जण जाहीर करतो.

"इंग्रजीत!"

"बँक बुडाली म्हणे!"

"म्हणे? कोण म्हणे?"

"सगळेच म्हणत्यात, मॅडम."

"मग 'पीपल से' म्हण. नाही तर 'इट इज सेड'. म्हणजे कुणावर येत नाही."

हे पोरांना भलतंच आवडतं. 'इट इज सेड'ची मजा घेत वाक्य शेवटच्या बाकाकडे येतं. माझ्या शेजाऱ्याने इतका वेळ मनातल्या मनात जुळवाजुळव केली असावी, पण पाळी आल्यावर सगळं सोडून तो माझ्याकडे वळतो आणि मराठीत म्हणतो, "सर, पैसे काढा आधी."

वर्ग टाळ्या वाजवतो. त्याला वाटतं आपण चुकलो, म्हणून तो खाली बसतो. पीपलनगरातही शेवटी हेच झालं होतं. कोण काय म्हणालं याची चौकशी संपली आणि माणसं धावत सुटली. धडधाकट पाय असून लंगडेपणावर भीक मागणारा गणपतसुद्धा.

हसणं ओसरत असताना मुलींच्या रांगेतून, भिंतीकडून, एक हात वर होतो. इतका वेळ ही मुलगी बोललेली नाही.

"मॅडम, पण आमच्याकडं उलटं झालं."

"काय उलटं?"

"आज्जीचं पैसं पतसंस्थेत हायत. शेळ्या विकल्याल्या, त्याचं. लोक म्हणायला लागली, संस्था अडचणीत हाय, काढून घ्या. तर त्यांनी दारावर बोर्ड लावला, अफवांवर विश्वास ठेवू नये. आज्जीनं न्हाय ठेवला. न्हाय काढलं पैसं. मग संस्था बंदच झाली."

वर्गात कुणी हसत नाही. पण कुणी थक्कही होत नाही. दोघं-तिघं माना डोलावतात. त्यांच्या घरातही अशी पासबुकं असणार. गंध लावलेला मुलगा विचारतो, "चेअरमन कुठं हाय?" "गावात न्हाय," ती सांगते. "काश्मीरला गेला आसंल," कुणी तरी मागून म्हणतं आणि गप्प होतं.

मॅडम टेबलाला टेकून थोडा अर्थशास्त्राचा तास घेतात. ठेवीदारांचे पैसे तिजोरीत पडून नसतात, ते कर्जाऊ दिलेले असतात. सगळे एकाच दिवशी मागायला आले तर चांगली बँकसुद्धा देऊ शकणार नाही. म्हणून पीपलनगरची बँक अफवेने बुडाली. पतसंस्था बुडाली ती आतून. दोन्हींच्या दारातली गर्दी मात्र सारखीच दिसते. त्यांनी सांगितलं नाही ते मी इथे जोडतो: बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्था ही कायद्याने बँक नव्हे, म्हणून तिच्या ठेवीदाराला तो नाही. माणमधल्या किती आज्यांना हे ठाऊक असेल?

"मग या धड्याचा मेसेज काय?" मॅडम आता सरळ वर्गाला विचारतात.

उत्तर तयार आहे. पहिल्या तीन रांगा एका सुरात सांगतात, आपण अफवांवर विश्वास ठेवू नये. आणि म्हणता म्हणताच काही जण भिंतीकडच्या मुलीकडे बघतात, कारण हेच वाक्य त्यांनी आत्ता पतसंस्थेच्या दारावर ऐकलेलं आहे.

"लिहा," मॅडम म्हणतात. "पाच वाक्यं. गाईड बंद. नथू खरं बोलला का, सीताराम खरं बोलला का, आणि तुम्ही तिथं असता तर पैसे काढले असते का? इंग्रजीत. अडलं की विचारा, पण वाक्य तुमचं पाहिजे."

"कुठल्या वहीत?"

"कुठल्याही."

पंधराएक मिनिटं उरली आहेत. माझा शेजारी 'आय विल' लिहितो, खोडतो, 'आय वूड' लिहितो आणि माझ्याकडे बघतो. मी मान हलवतो. पुढे काय ते त्याला माहीत आहे, पण तिसरं रूप आठवत नाही. तो पुस्तकाच्या मागची क्रियापदांची यादी धुंडाळतो. पलीकडे कुणी 'ठेव'ला काय म्हणतात ते विचारतं, कुणी 'विड्रॉ'चं स्पेलिंग. इतके प्रश्न या तासाला आधी कुणी विचारलेच नव्हते. मॅडम रांगांमधून फिरतात, वाकून एखादं क्रियापद नीट करतात आणि पुढे जातात. उपपदं गळली आहेत, ती त्या तशीच सोडून देतात. काहींनी शेवटी सवयीनं मेसेज लिहून टाकलाच आहे.

भिंतीकडच्या मुलीने तीनच वाक्यं लिहिली आहेत. मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहतो. पहिल्या वाक्यात, पतसंस्थेने दारावर बोर्ड लावला. दुसऱ्यात, त्या बोर्डावर लिहिलं होतं की लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. हे तिने 'दॅट' घालून, 'शुड नॉट' वापरून, अगदी तक्त्याबरहुकूम बांधलं आहे. तिसरं छोटं आहे: 'माय ग्रँडमदर बिलीव्ह द बोर्ड.' मॅडम 'बिलीव्ह'च्या शेवटी एक 'डी' वाढवतात.

"बोर्डाच्या परीक्षेत असं लिहिलं तर मार्क कापतील?" ती विचारते.

"वाक्य नीट असलं आणि प्रश्नाला धरून असलं तर का कापतील?"

"गाईडमधी न्हाय पण हे."

"नसू दे."

घंटा होते. भूगोलाचे सर नकाशाची गुंडाळी घेऊन दारात उभे आहेत, आणि मॅडम आत काय चाललंय ते बघत त्यांना हाताने दोन मिनिटं मागतात. मुलगी चौथं वाक्य सुरू करते आणि लगेच थांबते.

"मॅडम, आज्जीला अजून पैसं मिळालं न्हाईत. मग 'हॅज नॉट' का 'हॅड नॉट'?"

"अजून नाही ना मिळाले? मग 'हॅज नॉट'," मॅडम म्हणतात, आणि पर्स उचलून 'अ' वर्गाकडे निघतात.